सर्वांनी पाणी भरून ठेवावे

मी एक जुना फळा आहे, मित्रांनो. पण मला बघायला आलात तर तुम्हाला फळा दिसणार नाही. खडवलीला स्टेशनपासून थोडे आत एक भाड्याची खोली आहे. तिथल्या लोखंडी कपाटावर एका सुती साडीत माझे सात तुकडे गुंडाळून ठेवले आहेत. तेवढाच मी उरलो आहे.

मी टांगायचा फळा कधीच नव्हतो. मी भिंतच होतो. डोंबिवली पूर्वेला नीलांबरी नावाची चार मजल्यांची इमारत होती. सोळा घरे, लिफ्ट नाही. १९८४ साली ती बांधून होत आली तेव्हा गवंड्याकडे दोन घमेली सिमेंट उरले. जिन्याखाली, पाण्याच्या मीटरशेजारी, त्याने चार फूट रुंद आणि तीन फूट उंच गिलावा केला आणि थापीने घोटून गुळगुळीत केला. राहायला आलेल्या लोकांनी ट्रान्झिस्टरचे संपलेले सेल फोडून आतला काळा गर आणून दिला. तो वाटून माझ्यावर चोळला. असा मी काळा झालो.

पहिले सेक्रेटरी चांगले गृहस्थ होते, पण त्यांचे अक्षर कोणालाच लागत नसे. लोक माझ्यासमोर उभे राहून एकमेकांना विचारत. तिसऱ्या मजल्यावरच्या सुमेधाबाई एका बालवाडीत शिकवत. एक दिवस त्यांनी सेक्रेटरींच्या हातून खडू घेतला आणि म्हणाल्या, "द्या इकडे. तुम्ही सांगा, मी लिहिते." त्या दिवसापासून पुढची सदतीस वर्षे माझ्यावर त्यांचाच हात फिरला.

त्यांची एक पद्धत होती. खडू त्या साखरेच्या पाण्यात भिजवून ठेवत. अशा खडूचे अक्षर दाट उमटते आणि येता-जाता कोणाची बाही लागली तरी पुसले जात नाही. पाण्याची वेळ, शुक्रवारची पाणीकपात, सत्यनारायणाची पूजा, कोणाच्या मुलीचे दहावीचे मार्क, सगळे त्या साखरेच्या खडूने लिहीत. मग माझ्यावर मुंग्या यायच्या. पोरे ओरडायची, "काकू, तुमची नोटीस मुंग्या वाचतायत!" त्या म्हणायच्या, "वाचू देत. तुमच्या बापांपेक्षा नीट वाचतात."

फक्त एका सूचनेसाठी त्या कोरडा खडू घेत. इमारतीत कोणी गेले की. "हे फार दिवस राहू नये," असे त्या म्हणत आणि तेराव्या दिवशी स्वतःच येऊन पुसत. एकतीस माणसांची नावे त्यांनी माझ्यावर अशी लिहिली आणि पुसली.

त्यांचे यजमान त्र्यंबकराव. अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होते, नंतर निवृत्त झाले. माणूस साधा. जिना चढता-उतरता माझ्याकडे त्यांनी कधी बघितले नाही. सेक्रेटरी एकदा थट्टेने म्हणाले, "काय त्र्यंबकराव, बायको लिहिते ते वाचता तरी का?" ते म्हणाले, "मला कशाला वाचायला हवं? नोटीसच माझ्या घरात राहते."

सगळे हसले. सुमेधाबाईही हसल्या.

तीन वर्षांपूर्वीच्या एका बुधवारी दुपारी त्या खाली आल्या. गुडघे दुखत होते, कठडा धरून आल्या. त्यांनी माझ्या वरच्या भागात लिहिले: "उद्या गुरुवारी पाण्याची टाकी धुणार आहेत. सर्वांनी आज संध्याकाळी पाणी भरून ठेवावे." पूर्णविराम त्या नेहमी ठासून देत. तसा दिला. खडूचे टोक मोडले. ते उचलून पदराला बांधले आणि वर गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर टाकी धुणारी माणसे बादल्या आपटत होती. त्याच वेळी सुमेधाबाईंना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी खाली आणले. त्या माझ्यासमोरून गेल्या. दारात रिक्षा उभी होती. संध्याकाळी त्र्यंबकराव एकटेच परत आले.

अपूर्व नावाचा तरुण तेव्हा सेक्रेटरी होता. चांगला मुलगा, ठाण्याला कंपनीत जाणारा. तो ओले फडके घेऊन माझ्यासमोर आला. सूचना लिहायची होती आणि त्यासाठी आधीची पुसायला हवी होती. फडके माझ्यापासून वीतभर अंतरावर असताना त्र्यंबकराव मागून म्हणाले, "थांब."

"काका, काकूंचं लिहायचंय ना..."

"खाली लिही. वरचं राहू दे."

अपूर्वने खालच्या भागात एक छापील कागद चिकटवला. कोरड्या खडूने लिहिणारे आता कोणी नव्हते.

त्यानंतर माझे काम संपलेच. सगळ्या सूचना मोबाइलवरच्या ग्रुपवर जाऊ लागल्या. माझा खालचा भाग रिकामा आणि वर ती एक सूचना. कोणी पुसली नाही, कोणी वाचलीही नाही. वाचली ती फक्त सेरेनाने. सेरेना वसईकडची, नर्स, महिनाभराने दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहायला आली. तिला अजून ग्रुपवर घेतले नव्हते. राहायला आल्याच्या चौथ्या दिवशी जिन्यात तिने त्र्यंबकरावांना गाठले.

"काय हो अंकल, गुरुवार तर गेला, टाकी धुणार तरी कधी? तीन दिवस रोज बादल्या भरतेय मी. ड्युटीवरून यायचं आणि पाणी भरायचं. कंबर मोडली माझी!"

त्र्यंबकराव कधी नव्हे ते हसले, आणि हसता हसता खालच्या पायरीवर बसले. मग त्यांनी तिला सांगितले. मीही ते तेव्हाच पहिल्यांदा ऐकले.

"त्या बुधवारी ती मला दोनदा म्हणाली. अहो, नोटीस लावलीये, जरा बादल्या भरू लागा. मी पेपर वाचत होतो. म्हटलं, भरू गं, घाई काय आहे. दुसऱ्यांदा म्हणाली तेव्हा हूं म्हटलं. मग तिनेच भरल्या. मोरीतून ओट्यापर्यंत, आठ बादल्या आणि एक पिंप. पेपरात काय होतं ते मला आज आठवत नाही."



"दवाखान्यातून आलो तर घरभर पाणी भरलेलं. माझ्या एकट्यासाठी. दहा दिवस मी ते ओतलं नाही."

"अंकल, हार्टचं असं बादल्यांनी होतं असं नाही," सेरेना हळू म्हणाली. "मी रोज बघते."

"असेल. पण मी उठलो नाही ते तर खरं ना?"

दुसऱ्या दिवशी सेरेनाने टेबलावर घालतात तसले जाड पारदर्शक प्लॅस्टिक आणले आणि माझ्या वरच्या भागावर चारही बाजूंनी नीट बसवले. त्र्यंबकराव रोज सकाळी दूध घेऊन येताना माझ्यासमोर उभे राहू लागले. सदतीस वर्षांत जे वाचले नव्हते ते रोज वाचत.

मग रस्ता रुंद करायचे ठरले. आमच्या आळीतल्या पाच इमारती एकत्र पाडून तिथे तीन उंच टॉवर, खाली दुकाने, दोन मजली पार्किंग. बिल्डरची माणसे रंगीत चित्रे घेऊन आली. चित्रात झाडे होती, कारंजे होते. तळमजल्यावर मोठा काचेचा पडदा होता. सूचना त्याच्यावर दिसणार होत्या. पंधरा घरांनी सह्या केल्या. सोळावी राहिली.

जिन्याखाली माझ्यासमोरच सभा भरली. अपूर्व म्हणाला, "काका, फोटो काढून फ्रेम करून देतो तुम्हाला. मोठ्ठा. नवीन घरात हॉलमध्ये लावा."

"फोटो आहे माझ्याकडे. फोटोवर हात फिरवला तर लागत नाही काही."

"अहो पण एका फळ्यासाठी? चौथ्या मजल्यावर सळया बाहेर आल्यात. आमची पोरं झोपतात त्याखाली. तुमच्या नोटिशीसाठी आम्ही ढिगाऱ्याखाली जायचं का?"

तो रागाने बोलला, पण खोटे बोलला नाही. त्र्यंबकराव मान खाली घालून वर गेले.

आठवड्याने सेरेनाच्या छताचा गिलावा पडला. ती ड्युटीवर होती म्हणून वाचली. त्र्यंबकराव तिच्या खोलीत जाऊन आले. उशीवर दगडाएवढे सिमेंट पडले होते, असे ते खाली येऊन अपूर्वला म्हणाले. "आण कागद. सही करतो. फक्त हा फळा कापून दे मला. अख्खा."

"देतो काका. शब्द."

अपूर्वने शब्द पाळला. पाडकामाच्या आदल्या दिवशी त्याने कटरवाला आणला. कुंडलिक त्याचे नाव. कल्याणजवळच्या गावातला, अशी कामे बरीच केलेला. त्याने प्लॅस्टिक काढले, बोटांनी मला ठोकून बघितले. मी आतून पोकळ वाजलो.

"काका, भिंतीपासून सुटलाय हा," तो म्हणाला. "पानी मारत मारत कापला तर निघंल आख्खा. मी काढून देतो."

"पाणी मारायचं?"

"चकतीला पानी लागतंच. सुका कापला तर हादऱ्यानं फुटनार. तुकडं हातात येतील."

"आणि पाणी मारलं तर अक्षरं?"

कुंडलिकने माझ्याकडे बघितले. त्याला आता कळले. "खडू हाय तो. वाहून जानार."

अपूर्व म्हणाला, "काका, अख्खा घ्या. मग मी स्वतः तसंच लिहून देतो. अक्षर गिरवून."

 बाहेर सामानाचे टेम्पो भरले जात होते. कोणाचे तरी कपाट जिन्यात अडकले होते, माणसे एकमेकांवर ओरडत होती. त्र्यंबकराव म्हणाले, "सुका काप. फळा गेला तरी चालेल."

मित्रांनो, माझा निकाल असा माझ्यासमोरच लागला. मला वाईट वाटले नाही असे मी म्हणणार नाही. अडतीस-एकोणचाळीस वर्षे मी त्या भिंतीवर उभा होतो. पण त्यांचे बरोबर होते. काळा रंग कुठेही मिळतो.

चकती फिरली. धुळीने काही दिसेना. कुंडलिकने खूप जपून काम केले, तोंडाला फडके बांधून, थांबत थांबत. तरी डावी बाजू उतरताना मी मधोमध तडकलो आणि खाली आलो. "पाण्याची" गेले. "आज संध्याकाळी" याचा चुरा झाला. त्र्यंबकराव गुडघ्यांवर बसून अक्षरे असलेले तुकडे वेचत होते. अपूर्वही बसला. ऑफिसच्या पँटवर सिमेंट लागले, त्याने झटकले नाही. सात तुकडे मिळाले. बाकीचा मी दुसऱ्या दिवशी राडारोड्याच्या डंपरमधून कुठे गेलो ते मला ठाऊक नाही.

या गोष्टीला दोन वर्षे झाली. नीलांबरीच्या जागी खड्डा आहे. भोवती पत्रे लावले आहेत आणि पत्र्यांवर अजून ती झाडांची आणि कारंज्याची चित्रे आहेत. कसल्याशा परवानगीवरून काम थांबले. बिल्डरचा माणूस फोन उचलत नाही. खड्ड्यात हिरवे पाणी साचले आहे आणि डासांमुळे शेजारच्या इमारती खिडक्या उघडत नाहीत. रस्ता मात्र रुंद झाला. त्यावर गाड्या उभ्या असतात. पंधरा घरे विठ्ठलवाडी, बदलापूर, टिटवाळा, जिथे परवडेल तिथे पांगली. अपूर्वची आई भाड्याच्या घरातच वारली. त्र्यंबकरावांना ते महिन्याने कळले. ते ग्रुपवर नाहीत आणि आता फळाही नाही.

खडवलीच्या खोलीत ओल आहे. साडी उलगडली की तिच्यावर पांढरी पूड दिसते. ती अक्षरांची आहे. "उद्या" जवळजवळ गेले. "सर्वांनी" यातला रफार राहिला आहे. शेवटचा तुकडा सर्वांत चांगला आहे. त्याच्यावर "भरून ठेवावे" आहे आणि तो ठासून दिलेला पूर्णविराम आहे. त्याला अजून मुंग्या येतात. त्र्यंबकराव त्यांना फुंकर मारून उडवत नाहीत.

रोज संध्याकाळी पाच वाजता नळाला पाणी येते. त्र्यंबकराव पंचाहत्तरीला आले आहेत. तरी ते आठ बादल्या आणि एक पिंप भरतात. मोरीतून ओट्यापर्यंत नेतात, मध्ये दोनदा टेकतात. सकाळी ते पाणी अंगणातल्या कढीपत्त्याला आणि शेजाऱ्यांच्या भांड्यांना जाते आणि संध्याकाळी पुन्हा तेच. समोर राहणाऱ्या ठमाबाई परवा दारात येऊन म्हणाल्या, "अवो काका, एकल्या जीवाला येवढं पानी कशाला?"

ते म्हणाले, "नोटीस आहे."

मित्रांनो, जुन्या इमारती पडतील. पडायलाच हव्यात, त्या माणसांच्या अंगावर पडण्याआधी. नवीन बांधाल तेव्हा दिलेला शब्द पाळा आणि खड्डे तसे सोडू नका, कारण त्या खड्ड्यांच्या भरवशावर म्हातारी माणसे दिवस काढत असतात. पण ते मोठ्यांचे काम झाले. तुमचे काम त्याहून छोटे आहे, आणि ते सांगायलाच मी इतका वेळ बोललो. घरात कोणी पाणी भरायला सांगितले तर दुसऱ्यांदा सांगण्याची वाट बघू नका. हातातले ठेवा आणि उठा. निदान एक बादली उचला.