डबी वाजली की गाजर

सुज्ञ वाचकहो, एका घोडीने माझ्यावर ठेवलेला विश्वास, व तो राखण्याकरिता मी केलेली अवज्ञा, यांचा वृत्तांत मी येथे यथामति सादर करीत आहे.

"टिकटिक्या, नालबंद आलाय. आज हिनं पाय दिला नाही तर उद्या विकून टाकतो," पागेचे मॅनेजरसाहेब म्हणाले. "आणि ते गाजर-बिजर बाजूला ठेव. लोक बघतायत."

त्या पागेत मी एकवीस वर्षे घोड्यांची निगा राखणारा मोतद्दार होतो. ही करडी घोडी चाबकाच्या धास्तीने कोणासही पायाला हात लावू देत नसे. तिच्याकरिता मी एक पत्र्याची डबी आणली. दाबताच ती 'टिक' अशी वाजे. घोडीने माझ्याकडे पाहिले की टिक, आणि गाजर. पाय सैल सोडला की टिक, आणि गाजर. यावरूनच मला हे नाव पडले. नियम एकच होता: डबी वाजली की गाजर द्यायचेच, चुकून वाजली तरीही. दोन महिन्यांत मी तो एकदाही मोडला नव्हता.

"साहेब, गाजर नाही दिलं तर ती फसवणूक होईल."

"तू काय तिचा मामा लागतोस?" नालबंद हसला.

मी घोडीच्या खांद्यावर हात ठेवला. तिने कान माझ्याकडे वळविले, पाय उचलला आणि नालबंदाच्या मांडीवर शांतपणे टेकविला. मी डबी वाजविली आणि सर्वांदेखत गाजर दिले. चार पायांना चार वेळा.

नाल ठोकून झाल्यावर साहेब म्हणाले, "घोडी राहील. पण चारचौघांत माझा शब्द मोडलास. उद्यापासून येऊ नकोस. डबी ठेवून जा."

"डबी नाही मिळायची. तुम्ही नुसतीच वाजवाल."

पिशवी घेऊन मी निघालो. फाटकापाशी रुमाल काढताना खिशातली डबी दाबली गेली. टिक. पलीकडे घोडीने मान बाहेर काढली आणि ती माझ्याकडे पाहत राहिली.

"आता आत पाऊल टाकायचं नाही," साहेब म्हणाले.

"टाकतोय. आवाज झालाय."

मी अंगण ओलांडून परत गेलो. पिशवीच्या तळाशी एक अर्धे गाजर उरले होते. ते तिच्या ओठांत दिले, तिचे चावून होईपर्यंत उभा राहिलो, आणि मग सावकाश बाहेर पडलो.

येथवर वाचलेत, याबद्दल ऋणी आहे.

आपला नम्र,
टिकटिक्या मोतद्दार