घरचे आणि पाहुणे

“डबा खुशाल बदला ताई, पण नाव बदलू नका,” काका खालून म्हणाले.

ताई स्टुलावर उभी होती. जुना राउटर भिंतीवरून सुटत आला होता आणि तिने ओठांत एक स्क्रू धरलेला होता, त्यामुळे तिला लगेच बोलता येईना. तिने स्क्रू तळहातावर घेतला.

“कसलं नाव, काका?”

“नेटचं हो. फोनमध्ये दिसतं ते. तुमची कंपनी म्हणे आता स्वतःचंच नाव ठेवते. शेजारी ठेवलंय बघा, औषधाच्या बाटलीवर लिहितात तसलं. वाचता वाचता जीभ वळते.”

“नियम आहे तसा,” ताई हसली. “पण तुमचं ठेवू तेच. वरच्यांना मी सांगेन काहीतरी.”

“आणि पासवर्डही तोच.”

“तोही तोच.”

काकांनी मान हलवली, पण धरलेलं स्टूल काही सोडलं नाही. स्टूल पक्कं होतं. तरी ते धरून उभे होते.

घरोघर जाऊन इंटरनेट जोडून देणं हे ताईचं काम. चाळिशी उलटली होती, पायऱ्या चढताना गुडघा बोलायला लागला होता, पण अजून तिला तिचं नाव विचारणारं घर भेटायचं होतं. सगळीकडे ती ताईच. एखाद्या घरात माणसं किती, कोण आलं, कोण गेलं, हे तिला शेजाऱ्यांच्या आधी कळत असे, कारण प्रत्येक फोनचा स्वतःचा एक पत्ता असतो आणि तो राउटरमध्ये नोंदवून द्यावा लागतो. मुलगी सासरी गेली, भाऊ वेगळा झाला, म्हातारं माणूस गेलं, की लोक सांगत, “ताई, तेवढं ते नाव काढून टाका.” ताई तिथवर नेऊन ठेवी आणि फोन त्यांच्याच हातात देई. “बटण तुम्ही दाबा.” जोडणाऱ्या हाताने तोडू नये, असं तिच्या मनाने केव्हातरी घेतलं होतं आणि ते तिने निष्ठेने पाळलं होतं. कुणी चिडे, कुणी हसे. पुष्कळदा असंही होई की बोट बटणावर जाऊन परत येई आणि माणूस म्हणे, “राहू दे. जागा थोडीच खातंय?”

या घरातला जुना राउटरही तिनेच बसवला होता. काका कारखान्याच्या फाटकावरून निवृत्त झालेले. उभा जन्म आत येणाऱ्याला थांबवण्यात आणि बाहेर जाणाऱ्याची पिशवी तपासण्यात गेला. गल्लीत त्यांना फाटकवाले काका म्हणत. राउटरमध्ये घरच्यांचा एक आणि पाहुण्यांचा एक असे दोन कप्पे करता येतात आणि नोंद नसलेल्याला दारातूनच परत पाठवता येतं, हे ऐकल्यावर काकांचा चेहरा असा खुलला होता, जणू नोकरीच परत मिळाली! तेव्हापासून त्या घरात आलेल्या प्रत्येक फोनची चौकशी होई. थोरल्या मुलीचा नवरा पहिल्यांदा राहायला आला तेव्हा काकांनी त्याला उंबऱ्यातच फोन मागितला. “लग्न ठरवताना माझी एवढी चौकशी झाली नव्हती,” जावई म्हणाला होता. काकू महिनाभर ते सांगून हसत होत्या.

ताईने नवा राउटर टांगला, दिवे हिरवे झाल्यावर खाली उतरली आणि काकांच्या टॅबवर जुनी नावं उघडली. घरचे : काका, काकू, थोरली. पाहुणे : जावई, नळवाला, समोरचे. आणि पाहुण्यांत सगळ्यांत वर, धाकटा.

ताईची नजर तिथे अडखळली. काकांचा हा धाकटा मुलगा रस्त्यावर अपघातात गेला त्याला वर्ष होऊन गेलं होतं. ती भेटायलाही येऊन गेली होती.

“ही नावं आपोआप नव्या डब्यात जाणार नाहीत, काका,” ती शक्य तितक्या साध्या आवाजात म्हणाली. “एकेक फोन नव्याने दार वाजवेल, टॅबवर विचारणा येईल, तुम्ही हो म्हणायचं.”

“इथे नसलेल्यांचं काय?”

“ते येतील तेव्हा वाजवतील.”

“ओळखतील घर?”

“नाव तेच आहे ना? मग ओळखतील. फोन हुशार झालेत हल्ली, आपला खरा पत्ता कुणाला सांगत नाहीत. दर घराला वेगळाच सांगतात. पण एका घराला जो सांगितला तो त्या घरापुरता धरून ठेवतात. आणि घर ओळखतात नावावरून. नाव बदललं, की त्यांच्या लेखी ते घरच उरत नाही.”

काका टॅबकडे बघत राहिले. “म्हणून तर म्हटलं,” ते पुटपुटले.

“ताई, जरा आत येता?” स्वयंपाकघरातून काकूंनी हाक मारली. “इथे नेट पोचतंय का ते बघा. आणि चहा घ्या.”

चहा झालेलाच नव्हता. काकूंनी ताईला मागच्या खोलीत नेलं, दाराकडे एकदा पाहिलं आणि कपाटातल्या घडीच्या चादरींमागून एक फोन काढला. काचेवर कोपऱ्यापासून तडे गेलेले. चार्जरची वायर त्याच्याभोवती नीट गुंडाळलेली.

“त्याच्या सामानाबरोबर आला,” काकू म्हणाल्या. “यांना वाटतं, मी तो थोरलीकडे दिला. तुम्ही बोलू नका हं.”

“नाही बोलणार.”

“तिन्हीसांजेला हे फाटक लावायला जातात. जुनी खोड. तेवढ्यात मी याला वायर लावते नि चालू करते. त्याचं काही बघत नाही हो मी, मला ते कुलूपही उघडता येत नाही. नुसतं वरच्या कोपऱ्यात ते पंख्यासारखं येतं ना...”

“नेट जोडल्याची खूण.”

“हां, ती. ती आली की वाटतं, पोचला. घरात आला.” काकूंनी पदराने काच पुसली. स्वच्छच होती ती. “नवा डबा याला आत घेईल ना, ताई? हे फार कडक आहेत. पाहुण्यात घातलं होतं त्याला, ठाऊक आहे ना तुम्हाला? कारखान्यातली नोकरी सोडली म्हणून. माझ्यासमोर बोट दाबलं टॅबवर. म्हणाले, या घरात आता पाहुणा म्हणून यायचं.”

ताईने तो दिवस पाहिला नव्हता, पण पोरगा आठवत होता. वायर ओढताना त्याने तिला शिडी धरून दिली होती. पुढे एकदा रस्त्यात भेटला तेव्हा म्हणाला होता, “ताई, बढती झाली माझी. पाहुणा झालो. आता बशीत बिस्किटं मिळतात.” हसला होता, पण ते हसू त्याच्या डोळ्यांपर्यंत गेलं नव्हतं.

“काकांना हो म्हणावं लागेल,” ती हळूच म्हणाली. “विचारणा त्यांच्याच टॅबवर येईल. मला नाही दाबता येत.”

काकूंनी फोन परत चादरींमागे ठेवला. त्यांचा हात काही वेळ आतच राहिला.

ताई बाहेर आली तेव्हा काका खुर्चीत बसले होते, टॅब मांडीवर.

“तुम्हाला घाई नाही ना?” त्यांनी विचारलं. “तिन्हीसांज होईपर्यंत थांबाल?”

तेवढ्यात तिचा फोन वाजला. साहेब होते. “ताई, एका डब्याला एवढा वेळ? मुक्काम ठोकलाय की काय तिकडे?”

“सिग्नल बघतेय, साहेब. जुनं घर आहे, भिंती जाड आहेत,” असं म्हणून तिने फोन ठेवला. भिंती चांगल्या पातळ होत्या. मनातल्या मनात तिने देवाची क्षमा मागितली आणि स्टुलावर बसली.

काका बोलायला लागले, तिच्याकडे न बघता. “तो एकदा आला होता. जायच्या आधी. अशीच वेळ. मी इथेच बसलेलो, ही बाजारात गेलेली. टॅबवर नाव उजळलं. पाहुणे, धाकटा. म्हणजे फाटकापर्यंत आला होता. फाटकापर्यंत पोचतं ना हो आपलं नेट?”

“पोचतं.”

“मी म्हटलं, वाजवेल कडी. वाजवू दे. मग उठेन. उभ्या जन्मात मी कडी वाजल्याशिवाय उठलो नाही. तो वाजवेना. मी नावाकडे बघत बसलो, आणि तो बाहेर फाटकाकडे बघत असेल. दोघंही एकाच हाडाचे.” काकांनी चष्मा सारखा केला. “मग नाव विझलं. बस्स. त्यानंतर एकदम फोनच आला, दवाखान्यातून.”

बाहेर उजेड मऊ झाला होता. समोरच्या घरातल्या भांड्यांचा आवाज येत होता.

“ते सगळं उरकल्यानंतर एके दिवशी तिन्हीसांजेला मी फाटकावरून परत आलो, टॅब उचलला, तर नाव उजळलेलं. माझ्या हातातली किल्ली खाली पडली. धावत बाहेर गेलो. कुणी नाही. दुसऱ्या दिवशी तेच. रोज तेच. तेव्हापासून मी फाटक लावायला जात नाही, ताई. उघडायला जातो. ही समजते, कुलूप लावायला गेलेत.”

ताईच्या अंगावर काटा आला. मागच्या खोलीत काय आहे ते तिला माहीत होतं, तरी आला. जिभेवर आलेलं तिने मागे घेतलं. काकूंना शब्द दिला होता. पण हा माणूस रोज कुणाची वाट बघतोय, हे माहीत असूनही गप्प बसणं, हा कसला धर्म?

“काका,” ती म्हणाली, “एक सांगू का...”

“थांबा.” काकांनी हात वर केला. मग एकदम मोठ्या आवाजात ओरडले, “मी फाटकाकडे जातो गं!”

“बरं!” आतून काकू.

काका उठले. खुंटीवरच्या किल्ल्या काढून खुळखुळवल्या. दार उघडलं, चांगलं वाजेल असं लावलं, आणि चोरासारखे पाय न वाजवता परत येऊन खुर्चीत बसले.

ताई त्यांच्याकडे बघतच राहिली.

“मला कळत नाही का, ताई?” ते अगदी हळू आवाजात म्हणाले. “मागच्या खोलीतला बोर्ड रोज कोमट लागतो हाताला. पिशव्या तपासण्यात जन्म गेला माझा. ती तिथे त्याला आत घेते. घेऊ दे. पण इथे नाव उजळल्यावर मी बसून कसा राहू? एकदा बसलो होतो.”

मागच्या खोलीत कपाटाचं दार करकरलं. दोघांनीही ते न ऐकल्यासारखं केलं.

टॅब काळाच होता. काकांनी तो दोनदा चाचपून पाहिला. ताईलाही एकदम धाकधूक वाटू लागली, की नवा डबा आहे, काही चुकलं असेल तर? नावात एखादी खूण इकडची तिकडे झाली असेल तर? तो फोन घर ओळखणारच नाही. ती मनात नामस्मरण करू लागली.

मग पडदा उजळला. ‘नवे यंत्र दाराशी आहे. आत घ्यायचे का?’ खाली आकड्या-अक्षरांचा एक पत्ता. जुन्या यादीत धाकट्याच्या नावापुढे होता, अगदी तोच.

“वाजवली,” काका म्हणाले. “कडी वाजवली त्याने.”

त्यांनी हो म्हटलं. पुढचा प्रश्न आला : घरचे की पाहुणे?

काकांनी टॅब ताईपुढे केला. “तुम्ही दाबा. माझं बोट एकदा चुकलंय.”

ताईने हात मागे बांधले. “मी दाबत नाही, काका. ज्याचं घर त्याने सांगायचं.”

काकांनी चष्मा वर केला, डोळे पुसले, परत लावला. आणि मग शाळकरी पोराने पाटीवर पहिलं अक्षर काढावं तसं, सावकाश, बोट टेकवलं. घरचे. नाव लिहायची जागा आली तिथे त्यांनी एकेक अक्षर शोधून धाकटा लिहिलं.

मागच्या खोलीतून काहीच आवाज आला नाही. मग नाक ओढल्याचा बारीक आवाज आला, आणि तोही थांबला.

काका उठले. चपला हातात घेऊन, दार न वाजवता बाहेर गेले.

ताईने अवजारं गोळा केली, जुना राउटर पिशवीत घातला. काकू बाहेर आल्या नाहीत. ताईनेही हाक मारली नाही, आपल्यामागे दार नुसतं ओढून घेतलं.

अंगणात अंधार उतरत होता. काका फाटकापाशी उभे होते, कारखान्यात उभे राहत असतील तसे, ताठ. फाटक सताड उघडं होतं. ताई जवळ पोचली तसा त्यांनी हात आडवा केला.

“जरा थांबा, ताई.”

ती थांबली. काका एक पाऊल मागे सरले, भिंतीला पाठ लावून, एक माणूस आत येईल एवढी वाट करून उभे राहिले. त्यांची मान किंचित झुकली. ताईने खांद्यावरची पिशवी ओढून पोटाशी धरली, कुणाला लागू नये म्हणून.

“हं,” काही वेळाने काका म्हणाले. “आता या तुम्ही.”