मुकादमाचं माप

रविवारी सकाळी बागेतल्या चौथऱ्याभोवती पाय ठेवायला जागा नव्हती. माणसं तीनशे, कुत्री दोनशे, आणि अक्कल मात्र बहुतेकांनी फाटकाबाहेर ठेवलेली. कुणी म्हातारं कुत्रं हातगाडीवर घालून आणलं होतं, कुणी कडेवर. सगळ्यांचे डोळे चौथऱ्यावर मांडलेल्या पाच काचेच्या वाडग्यांवर खिळले होते.

वाडग्यांमागे हिरवा कोट घातलेला एक गोरागोमटा माणूस उभा होता. मला गुरू म्हणू नका, मी फक्त तुमच्या कुत्र्याचा मित्र आहे, असं तो दर रविवारी बजावायचा. म्हणून लोक त्याला मित्रवर्य म्हणायचे आणि गुरूपेक्षा वरचढ मान द्यायचे. पाच वाडग्यांत पाच चूर्णं होती: सांध्याचं, मूत्रपिंडाचं, पोटाचं, कातडीचं आणि मनाचं. आजारी कुत्रं वर आणलं की मित्रवर्य मालकाला हळुवारपणे विचारायचा, काय होतंय बाळाला. मग पाचही वाडग्यांतली चूर्णं बोटांनी सारखी करायचा आणि म्हणायचा, सोडा त्याला. कुत्रं हुंगत हुंगत जायचं आणि नेमकं आपल्याच दुखण्याचा वाडगा चाटायला लागायचं. लोक तोंडात बोटं घालायचे.

"माणसाला पुस्तकं वाचावी लागतात, ह्या मुक्या जिवाला निसर्ग आतून सांगतो," मित्रवर्य डोळे मिटून म्हणायचा. "रसायन नाही, सुई नाही, दुष्परिणाम नाही. फक्त मूळ, पान आणि प्रेम."

गर्दीच्या मागे हाताची घडी घालून उभी असलेली पट्टेवाली मनात म्हणाली, मूळ आणि पान डब्यात असेल, पण प्रेम किती ग्रॅम घालतो ते ह्यानं कुठं लिहिलेलं नाही. ती कुत्र्यांचे पट्टे शिवायची, म्हणून सगळा भाग तिला पट्टेवाली म्हणायचा. ह्या तमाशाकडे पाठ फिरवून तिला केव्हाच घरी जाता आलं असतं. पण तेवढ्यात मित्रवर्यानं हाक मारली, आता आमचे लिफ्टमनकाका, आणि इस्त्रीचा सदरा घातलेले तिचे वडील मुकादमाला घेऊन चौथऱ्यावर चढले.

मुकादम हा त्यांचा अकरा वर्षांचा तपकिरी, रुंद छातीचा कुत्रा. पट्टेवालीच्या कामाच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून तो दिवसभर तिच्या मशीनवर देखरेख करायचा, म्हणून हे नाव. वडिलांनी चौतीस वर्षं एका मोठ्या कचेरीत लिफ्ट चालवली होती आणि राहत मात्र होते बिनलिफ्टच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. तळमजल्याला लेकीची खोली, वर त्यांची आणि मुकादमाची. गेल्या हिवाळ्यात मुकादमाचे मागचे सांधे झिजले आणि तो पहिल्याच वळणावर बसकण मारायला लागला. वडील त्याला उचलून वर न्यायचे. अठ्ठावीस किलोचा ऐवज तो, महिन्याभरात त्यांचीच पाठ धरली.

कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं की ह्याचं वजन उतरवा, दुखण्याची गोळी मापात द्या, सपाटीवर हळू फिरवा आणि जिने बंद करा, खालीच राहू द्या. वडिलांनी ह्यातलं एकच ऐकलं, वय झालंय. वय तर माझंही झालंय, मग मलाही खाली टाकणार का, असं म्हणत ते तणतणत बाहेर पडले आणि पुढच्याच रविवारी बागेतून सांध्याच्या चूर्णाचा डबा घेऊन आले. तिसऱ्या दिवशी मुकादम आपल्या पायांनी तीन मजले चढला. वडील वरच्या पायरीवर बसून रडले. खोटं कशाला सांगा, पट्टेवालीच्याही डोळ्यांत पाणी आलं होतं.

तेव्हापासून वडील दर रविवारी चौथऱ्यावर ही हकिकत सांगायचे. ज्या माणसाकडे चौतीस वर्षं कुणी मान वळवून बघितलं नाही, त्याच्यासाठी आता तीनशे माणसं टाळ्या वाजवत होती. हे हिसकावून घ्यायचं तिच्या जिवावर आलं होतं. पण तिची माप-वही तिला गप्प बसू देईना.

पट्टेवालीची कामाची रीत ठरलेली होती. कुत्रं आलं की आधी टेप. मान, छाती, पोट, मागची मांडी, चार आकडे आणि तारीख. कातडं कापायचं ते त्यानंतर. ह्या पावसाळ्यानंतर गिऱ्हाइकं एक विचित्र तक्रार घेऊन यायला लागली. दोन महिन्यांपूर्वी शिवलेला छातीपट्टा पोटावर आवळतोय आणि मांडीकडून मात्र निसटतोय. एकाचं झालं असतं तर तिनं स्वतःच्या शिलाईला दोष दिला असता. पण पाचवं कुत्रं आलं तेव्हा तिनं वही उघडून मागचे आकडे काढले. सतरा वर्षांत तिनं लठ्ठ कुत्री पाहिली होती, ती सगळीकडून लठ्ठ होती. रोडावलेली पाहिली होती, ती सगळीकडून रोडावलेली. पोट सुटलंय आणि मांडी आटलीय, असं एका साच्यातलं रूप म्हाताऱ्यालाही आणि दोन वर्षांच्या तरण्यालाही कसं येतं? चौकशी करून तिनं एकेका नावापुढे फुली मारली. एकोणीस कुत्री, एकोणीस फुल्या, सगळी बागेतली चूर्णवाली.

विसावा होता मुकादम. वडिलांनी दोनदा त्याचा पट्टा आणून पुढं भोकं पाडून घेतली होती, तीही कौतुकानं, बाळसं धरलंय म्हणत. तो दिवसाला बादलीभर पाणी प्यायचा. मित्रवर्याचं म्हणणं, आतलं विष बाहेर पडतंय. ते विष रोज वडिलांच्या चटईवरच बाहेर पडत होतं, पण भक्ताला चटईचं काय.

ती वही घेऊन दवाखान्यात गेली. तिथे चिटपाखरू नव्हतं. डॉक्टरबाईंनी पानं उलटली, पुन्हा पहिल्यापासून उलटली. मग म्हणाल्या की पाचही डबे मिळव आणि मुकादमाची लघवी एका बाटलीत आण. पाच गिऱ्हाइकांनी पाच रंगांचे डबे दिले. ते प्रयोगशाळेत गेले आणि दहा दिवसांनी उत्तर आलं. पाच डब्यांत एकच चूर्ण होतं. सुकवून दळलेलं गवत, आणि त्यात मिसळलेलं स्टेरॉइड.

डॉक्टरबाईंनी तिला साध्या भाषेत समजावलं. हे खरं औषध आहे, आम्हीही वापरतो, पण मोजून आणि लक्ष ठेवून. दुखणं आणि सूज ते चटकन दाबतं, म्हणून कुत्रं तिसऱ्या दिवशी पळतं. भूक वाढवतं, तहान वाढवतं. बेहिशेबी दिलं की मांडीचं मांस खातं, कातडी पातळ करतं, पोट सुटतं, रक्तातली साखर वाढवतं. मुकादमाच्या लघवीत साखर सापडली होती. आणखी दोन महिने असंच चाललं तर जिना राहू दे, त्याला उभं राहता येणार नाही.

पट्टेवाली संतापानं उठली, आत्ता जाऊन तो डबा गटारात ओतते म्हणाली. डॉक्टरबाईंनी तिचा हात धरला. "एकदम बंद करायचं नाही. असंच द्रव्य शरीर स्वतःही बनवत असतं, त्याच्या शरीरानं ते बनवणं थांबवलंय. अचानक तोडलंस तर कोसळेल. त्या मित्रवर्यानं चोरून घातलेलं औषध आता मला उघडपणे, हळूहळू कमी करावं लागणार आहे."

वडिलांना सांगणं सोपं नव्हतं. कागद बघून ते म्हणाले, लॅबवाले आणि डॉक्टर आतून एकच, त्यांची दुकानं बसली ना. पट्टेवालीनं वाद घातला नाही. तिनं टेप त्यांच्या मांडीवर ठेवला.

"माझ्यावर विश्वास ठेवू नका, बाबा. डॉक्टरांवरही ठेवू नका. तुम्हीच मोजा."

त्यांनी मोजलं. वहीत पोट सहासष्ट सेंटिमीटर होतं, आता शहात्तर. मांडी छत्तीस होती, आता तीस. मांडी त्यांनी तीनदा मोजली. तिसऱ्यांदा टेप बाजूला ठेवून नुसत्या हातानं चाचपली, आणि केसांखाली त्यांच्या बोटांना हाड लागलं.

"पण तो जिना चढला होता," ते म्हणाले. "तू पण रडलीस तेव्हा."

"रडले. सांधा तेव्हाही झिजतच होता, बाबा. फक्त ते त्याला कळू दिलं जात नव्हतं."

वडिलांनी मुकादमाच्या पाठीवर हात ठेवला. रोजचा चमचा त्यांनी स्वतः भरला होता, मुकादमानं विश्वासानं चाटून खाल्ला होता, आणि ही गोष्ट त्यांना काळजात टोचत होती. मग त्यांनी एकाएकी विचारलं की मित्रवर्य चूर्ण सारखं करण्याआधी उजवा हात खिशात का घालतो. लिफ्टमन चेहरे बघत नाही, बोटं बघतो, कोण कुठलं बटण दाबतंय ते. त्या हाताची ये-जा त्यांनी कितीतरी रविवार पाहिली होती आणि बिचारा हात पुसत असेल म्हणून सोडून दिली होती.

रविवारी तुम्ही येऊ नका, लोक तुम्हालाच हसतील, असं पट्टेवाली म्हणाली. त्यांनी ऐकलं नाही.

"चौतीस वर्षं लोकांना हव्या त्या मजल्यावर सोडलं. ह्या वेळी मी त्यांना चुकीच्या मजल्यावर नेलंय. परत आणायला मलाच जायला हवं."

रविवारी मित्रवर्यानं नेहमीसारखी हाक मारली. वडील वर गेले, आणि म्हणाले की आज वाडगे मी मांडतो. दवाखान्यातून उकळून आणलेले पाच वाडगे त्यांनी पिशवीतून काढले आणि मित्रवर्याच्याच पाच डब्यांतलं चूर्ण चमच्यानं त्यांत भरलं. मित्रवर्य मदतीला पुढे सरसावला तेव्हा वडिलांनी त्याला अदबीनं विनंती केली की आज हात मागे ठेवा, निसर्गाला मदत लागत नाही ना. तीनशे माणसांपुढे नाही म्हणायची सोय नव्हती.

मुकादमाला सोडलं. त्यानं पहिला वाडगा हुंगला. दुसऱ्याशी शिंकला. उरलेल्या तिन्हींकडे ढुंकूनही न बघता तो सरळ मित्रवर्याकडे गेला आणि हिरव्या कोटाच्या उजव्या खिशात त्यानं नाक खुपसलं.

"ह्याला माझ्यातला निसर्ग कळतो," मित्रवर्य हसत म्हणाला, पण आवाज चिरकला.

तो मागे सरकला, मुकादम पुढे सरकला. ज्या भुकेनं कुत्र्याला कित्येक महिने सतावलं होतं, ती ह्याच माणसानं दिलेली होती, आणि आता ती ह्याच्याच खिशाला येऊन भिडली. शिवण उसवली. चौथऱ्यावर तपकिरी भुगा सांडला आणि आसपासची दहा-बारा कुत्री मालकांना ओढत तिकडे झेपावली. गर्दीत पट्टेवालीजवळ उभ्या असलेल्या डॉक्टरबाईंनी पुढे येऊन चिमूट उचलली, वास घेतला आणि सांगितलं, वाळवलेलं काळीज. ज्या वाडग्यात चिमूटभर मिसळायचं तो वाडगा कुत्रं निवडणार, एवढंच निसर्गाचं गुपित होतं.

पहिल्यांदा हशा पिकला. मग एक बाई रागानं पट्टेवालीवरच घसरली, आमचं कुत्रं धावतंय ते तुम्हाला बघवत नाही का. पट्टेवाली वही घेऊन वर चढली.

"धावतंय ते मला दिसतंय. हा टेप घ्या. तुमच्या कुत्र्याची मांडी तुम्हीच मोजा, जुना आकडा मी वाचते. आकडा खोटा ठरला तर मी आजपासून मशीन बंद करीन."

त्या बाईनं मोजलं. तिचा चेहरा पडला, आणि तिनं टेप शेजारच्या माणसाकडे दिला. टेप हातोहात फिरत राहिला, पट्टेवाली आकडे वाचत राहिली, आणि बागेत एवढी शांतता झाली की कुत्र्यांची धाप ऐकू येत होती. मग मित्रवर्य ओरडला की हा निसर्गाविरुद्धचा कट आहे. ती त्याच्याकडे वळून म्हणाली की निसर्ग असेल तर डब्यावर लिही ना, आत काय घातलंयस ते. मूळ मलाही चालतं आणि पानही चालतं. चोरून घातलेलं मला चालत नाही.

टाळ्यांच्या सवयीचा माणूस तो, शांततेत त्याला उभं राहता येईना. उसवलेला खिसा धरून तो मागच्या फाटकाकडे निघाला, आणि मुकादम त्या खिशाच्या वासावर फाटकापर्यंत त्याला सोडायला गेला. औषध खात्याकडे तक्रार गेली आहे. तो उद्या दुसऱ्या गावात निळा कोट घालून उभा राहणार नाही, ह्याची खात्री कुणी देऊ शकत नाही. म्हणून खात्री आपली आपणच करायची असते. डब्यावर 'नैसर्गिक' लिहिलंय एवढ्यानं काहीच सिद्ध होत नाही. आत काय आहे, किती आहे, त्यानं अपाय काय होतो आणि हे कुणी तपासलं, एवढं विचारायला डॉक्टर असावं लागत नाही. आणि विचारल्यावर जो चिडतो, त्याच्या हातचं आपल्या कुत्र्याला चाटवू नये.

त्या दुपारी दवाखान्यापुढे रांग लागली. डॉक्टरबाईंनी कुणाला बोल लावला नाही, फक्त प्रत्येकाला बजावलं, एकदम बंद करू नका.

मुकादमाची साखर दोन महिन्यांत उतरली. चूर्ण सुटलं तसं त्याचं लंगडणं परत आलं. मग वडिलांनीच आपली खाट तळमजल्यावर, मशीनशेजारी आणून टाकली. मुकादम उंबऱ्यावर, वडील खाटेवर, आणि लेकीच्या कामावर आता दोघांची देखरेख. दाराला पाटी लागली आहे, इथे येणाऱ्या प्रत्येक कुत्र्याचं माप घेऊन मालकाला मोठ्यानं वाचून दाखवलं जाईल.

परवा बागेतला एक जुना भक्त पट्टा दुरुस्तीला आला. मुकादमाकडे बघून हळहळला. म्हणाला, काका, तीन मजले चढायचा हो तुमचा, आणि आता बघा कसा लंगडतोय.

वडिलांनी मुकादमाच्या मांडीवर हात फिरवला. तिथं थोडं मांस परत धरलं होतं.

"लंगडू दे," ते म्हणाले. "दुखतंय ते आता आम्हाला दिसतं तरी."