थियानदादाचे डोळे

देवळात देवापुढे टाकलेले लाकडाचे दोन्ही तुकडे पुन्हा पालथे पडले आणि हेंगशेठांचा चेहरा उतरला. एक उताणा, एक पालथा पडला तर देवाचा होकार. दोन्ही पालथे म्हणजे साफ नकार.

"सोनेरी ड्रॅगन नको, वाघ नको, वीजही नको! मग देवाच्या मनात आहे तरी काय?" शेठ वैतागले.

थोनबुरीतल्या त्यांच्या औषधाच्या कारखान्यात तरतरी आणणारं नवं पेय तयार होतं, पण नावावाचून घोडं अडलं होतं. शेठांच्या मागे गुडघ्यांवर बसलेल्या प्रयोंगच्या ओठांवर एक नाव होतं. ती कारखान्यात कढईवर काम करायची.

आधी या पेयाचा काढा इतका कडू असे, की ट्रकवाले थुंकून टाकत. दोन वर्षांपूर्वी प्रयोंगचा नवरा थियान ट्रक चालवताना डोळा लागून पाकचोंगच्या वळणावर अपघातात गेला, आणि तेव्हापासून तिने त्या काढ्याचा पिच्छाच पुरवला. दुसऱ्या कुणाचा डोळा तिथे लागू नये, एवढा एकच ध्यास. साखर फार लागते म्हणून शेठ ओरडत, ती ऐकून न ऐकल्यासारखं करी. मनासारखी उतरलेली पहिली बाटली तिने त्या वळणावर थियानच्या नावाने बांधलेल्या छोट्या देवळीत ठेवली, झाकण काढून, आत नळी घालून. मेलेल्या माणसाला झाकण थोडंच उघडता येतं? तिथे हॉर्न वाजवून नमस्कार करणारे ट्रकवाले थांबले, चौकशी करू लागले. पिशवीतल्या उरलेल्या बिननावाच्या बाटल्या तिने त्यांना वाटल्या. महिनाभरात ट्रकतळांवरून मागणी येऊ लागली, "ते थियानदादाचं पाठवा."

"शेठ, ते ड्रायव्हर लोक म्हणतात ना..." प्रयोंगने धीर केला.

"ठाऊक आहे मला! मेलेल्याचं नाव बाटलीवर? अगं बये, गिऱ्हाईक पिईल की पळेल?"

"मग देवालाच विचारा. तो नाही म्हणाला तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही."

शेठांनी रागारागाने तुकडे टाकले. एक उताणा, एक पालथा. त्यांनी ते उचलून पुन्हा टाकले. तेच. तिसऱ्यांदा टाकले. एक उताणा, एक पालथा! उदबत्त्या विकणारा म्हातारा जागेवरून उठून उभा राहिला. प्रयोंगच्या अंगावर सरसरून काटा आला. साधी सही करतानाही घाम फुटणारा तिचा थियान, आणि त्याचं नाव देवाने तीन-तीनदा मागून घेतलं होतं! कामगारापुढे कधी मान न वाकवणाऱ्या शेठांनी मागे वळून हात जोडले. तिला की थियानला, ते तिला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी चित्रकार चलेम मास्तर कारखान्यात आले. बाटलीवर थियानचा चेहरा छापायचा होता.

"फोटो आहे?"

"लायसनवरचा एकच होता. ट्रकबरोबर जळाला."

"मग तुम्ही सांगा, मी काढतो."

बसकं नाक, बाहेर आलेले कान, हनुवटीवरचा व्रण, सगळं तिने भराभर सांगितलं.

"आता डोळे. शेठ म्हणालेत, टक्क उघडे हवेत."

प्रयोंग आठवू लागली. चार-चार दिवस ट्रक हाकून थियान घरी यायचा, चिकट भात नि मिरचीची चटणी खायचा आणि तिथेच आडवा व्हायचा. ती उशाशी बसून वारा घालायची. सतरा वर्षांच्या संसारात तिला त्याच्या मिटलेल्या पापण्या पाठ झाल्या होत्या.

"मला तो झोपलेलाच आठवतो हो, मास्तर."

मास्तरांनी कुंचला खाली ठेवला. प्रयोंगने कोपऱ्यातला पाट ओढला, पदराने तोंड पुसावं तसं गळ्यातल्या पंच्याने पुसलं आणि त्यांच्या अगदी समोर येऊन बसली.

"माझे काढा," ती म्हणाली आणि पापणी न लववता त्यांच्याकडे बघत राहिली.