राहिलेली पात

कुंदनभाऊ आमच्या दारावरून जातो तेव्हा अजूनही गाडीची काच खाली करत नाही. करू नये. त्याच्या जागी मी असते तर मीही केली नसती. आमच्या सासूबाईंनी त्याची औषधांची अख्खी बाग एका सकाळीत खुरपून टाकली, आणि मी त्यांना अडवलं नाही. अडवता आलं असतं. त्यामुळे त्याचा राग सासूबाईंपेक्षा माझ्यावर जास्त आहे, आणि ते बरोबरच आहे.

त्याआधीचं सांगते. मखमलाबादच्या अंगाला आमचा मळा होता. झेंडू, शेवंती, मधल्या पट्ट्यात मेथी-कोथिंबीर. सासूबाई, म्हणजे बायडाबाई, जन्मभर त्या मळ्यात खुरपं घेऊन बसलेल्या. शहर सरकत सरकत आमच्या बांधाशी आलं, तसा दिरांनी आणि आमच्या ह्यांनी, म्हणजे सोमनाथने, मिळून मळा बिल्डरला दिला. व्यवहार चोख झाला, कोणी कोणाला फसवलं नाही, उगाच डोळे पुसत बसण्यासारखं त्यात काही नव्हतं. त्याच जागेवर इमारत उभी राहिली आणि तिसऱ्या मजल्यावर आम्हाला फ्लॅट मिळाला. गॅलरीची खोली सासूबाईंना दिली. खाली जिथे शेवंतीचे वाफे होते तिथे पार्किंग झालं.

सुरुवातीला त्या गॅलरीत कुंड्या मांडून बसत. मग कुंड्याही नको म्हणाल्या. मग बोलणं कमी झालं, त्यामागोमाग जेवण. अर्धी पोळी, मग दोन घास, मग नुसतं ताक. सगळ्या तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, दोष काही नाही, वय झालंय. साठी नुकती उलटलेल्या बाईचं काय वय होतं? आमचे हे म्हणायचे, होईल हळूहळू ठीक. काय डोंबल ठीक होणार होतं! चोळी दंडावर लोंबायला लागली होती. मला सरळ दिसत होतं की ही बाई दिवाळी काही बघत नाही.

आम्ही दोघी गळ्यात गळे घालणाऱ्या कधीच नव्हतो. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्या भाजीला बरी म्हटलं नाही आणि मीही विचारायला गेले नाही. पण घरातलं माणूस असं रोज थोडं थोडं आटत जाताना मला बघवत नव्हतं. भीती वाटायची. सकाळी चहा घेऊन त्यांच्या खोलीत जाताना दाराशी थांबून आधी कानोसा घ्यायचे.

तेवढ्यात ह्यांना कुंदनभाऊ आठवला. कुंदनभाऊ चांदवडचा, ह्यांचा कॉलेजातला मित्र. घरच्या कांद्याच्या व्यापाराला कंटाळून त्याने हरसूलच्या पुढे डोंगरात एक जुना लाकडी बंगला भाड्याने घेतला होता आणि तिथे वनौषधींची शिबिरं सुरू केली होती. ही दोन हजार पाचची गोष्ट. मुंबई-पुण्याची माणसं आठवडाभर येऊन राहायची, काढे प्यायची, रानात फिरायची. शेवटच्या टप्प्याला जीपनेच जायचं. मोबाइलला रेंज नाही, टीव्ही नाही, चहा नाही. चहा नाही हे मला आम्ही दोघं सासूबाईंना घेऊन तिथे पोचल्यावर सांगितलं. आणि सकाळी उठल्यापासून न्याहारीची घंटा होईपर्यंत सगळ्यांनी मौन पाळायचं, हा कुंदनभाऊचा लाडका नियम. बोलण्यात शक्ती वाया जाते म्हणे. सांगायला मात्र तो तासभर बोलला.

बंगल्यासमोर त्याची औषधी बाग होती. त्यात लावलेलं काहीच नव्हतं. पावसाळ्यात आपोआप जे उगवेल ते उगवू द्यायचं, हात लावायचा नाही, आणि ओळख पटेल तशी शेजारी बांबूची पाटी रोवायची. भुईआवळी, पुनर्नवा, माका, आघाडा, टाकळा, सगळं दाट माजलेलं. शिबिराच्या शेवटच्या दिवशी पुण्याचे एक नावाजलेले वैद्य येऊन पाहुण्यांना ती बाग फिरवून दाखवणार होते. कुंदनभाऊ त्या बागेला लेकरासारखं जपत होता. तो माणूस वाईट नाही, हे मी कोणापुढेही सांगेन.

काढ्यांनी काही झालं नाही. सासूबाई ओठ लावायच्या आणि वाटी खाली ठेवायच्या. कुंदनभाऊने ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं की यांना जगायचंच नसेल तर त्यावर माझ्याकडे औषध नाही. हे त्या दिवशी पहिल्यांदा घाबरले.

संध्याकाळी मी सासूबाईंना व्हरांड्यात खुर्चीवर बसवलं. त्या बराच वेळ समोर बघत राहिल्या. कितीतरी दिवसांनी त्यांनी आपणहून तोंड उघडलं.

"कोणाचं रान हाय हे? लय माजू दिलंय."

मी सांगितलं, आत्याबाई, ही सगळी औषधं आहेत, मुद्दाम ठेवलीत. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू डोकं माझंच फिरलंय. मग म्हणाल्या, घरात बाईमाणूस नाय का यांच्या? नजर काही तिथून हलली नाही.

शेवटच्या दिवशी मला जाग आली तेव्हा त्यांची खाट रिकामी होती. विहिरीकडे धावले, मग मागच्या ओढ्याकडे. कुठेच नाहीत. परत फिरताना बागेतून आवाज आला, खुरपं दगडाला लागल्याचा. वळून बघते तर सासूबाई बसलेल्या, पदर खोचलेला, आणि त्यांच्यामागे काळीभोर, स्वच्छ जमीन. उपटलेली भुईआवळी बांधावर ढिगाने पडलेली. बांबूच्या पाट्या सगळ्या गोळा करून चुलीच्या सरपणासारख्या रचून ठेवलेल्या. तुळस तेवढी राखली होती, कारण तुळस कोणी तण म्हणत नाही.

ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. मौनाचा विचार मी केला नाही, खोटं कशाला बोलू. त्यांच्या पाठीकडे बघून मिटलं. उन्हाळाभर खाटेवर वाकडी पडलेली पाठ ताठ झाली होती आणि हात चालत होता, डावीकडे, उजवीकडे, मुळासकट. भुईआवळी पुढच्या पावसाला पुन्हा येणार होती. त्या नसत्या आल्या. एवढाच हिशेब मी केला, आणि तो आजही मला चुकीचा वाटत नाही.

पण अंगात काही उरलंच नव्हतं त्यांच्या. निम्म्याच्या पुढे गेल्यावर हात मंदावला. दोन उपटायच्या, थांबायच्या, धाप लागायची. खुरपं जमिनीत रोवून त्यावर भार द्यायला लागल्या.

खुरपणीला बायका रांगेत बसतात. प्रत्येकीच्या वाट्याची पट्टी ती तिची पात. आपली पात झाली म्हणून कोणी सावलीत जाऊन बसत नाही. जिची राहिली असेल तिच्या पातीच्या दुसऱ्या टोकाला बसायचं आणि तिच्याकडे सरकत यायचं. एकटीला मागे ठेवायचं नाही. याचे कोणी आभार मानत नाही आणि याबद्दल कोणी बोलतही नाही.

मी विंचूरच्या दुकानदाराची पोर. लग्नानंतरच्या पहिल्या खुरपणीला मला खुरपं धरतासुद्धा येत नव्हतं. तळहाताला फोड आलेले, बायका माझ्याकडे बघून हसत होत्या, सगळ्यांच्या पाती झाल्या आणि माझी अर्धी राहिली. तेव्हा समोरच्या टोकाने सासूबाई सरकत आल्या होत्या. माझ्यापाशी पोचल्यावर तोंडाकडे न बघता म्हणाल्या होत्या, चल, भाकर खाऊ. बस, एवढंच.

मी स्वयंपाकघरातून दुसरं खुरपं आणलं आणि बागेच्या पलीकडच्या टोकाला जाऊन बसले. माका उपटला, आघाडा उपटला. पुनर्नवेची मुळं खोल जातात, ती नीट खणून काढली. त्यांनी मला पाहिलं आणि पुन्हा खाली मान घातली. हात थोडा वेगाने चालायला लागला.

आणि कुंदनभाऊ पाहुण्यांना घेऊन बंगल्याच्या पायऱ्या उतरला. मौन सुरू होतं. तो बागेशी येऊन उभा राहिला, तोंड उघडं, आवाज नाही. दोन्ही हात हवेत उडवून मला खुणा करत होता. पाहुणे एकमेकांकडे बघत होते. आमचे हे मागून धावत आले आणि तेही तसेच उभे राहिले. एवढ्या माणसांत कोणी चकार शब्द काढेना. हसू येण्यासारखंच होतं ते, पण मला आलं नाही.

मग स्वयंपाकीणबाई फुलाबाईंनी घंटा वाजवली आणि कुंदनभाऊ सुटला. तीन महिन्यांची मेहनत, दुपारी येणारे वैद्य, मित्र म्हणून भरवसा ठेवला होता, सगळं बोलला. त्याचा एकही शब्द खोटा नव्हता. शेवटी तो सासूबाईंच्या हातातलं खुरपं घ्यायला वाकला, तेव्हा मी उठून मध्ये उभी राहिले.

"भाऊ, एवढी पात होऊ द्या. मग मला काय बोलायचं ते बोला."

तो ह्यांच्याकडे बघायला लागला. हे आईकडे बघत होते. कितीतरी महिन्यांनी ती त्यांना खुरपायला बसलेली दिसत होती. ह्यांनी पुढे होऊन कुंदनभाऊचा हात धरला आणि त्याला मागे घेतलं. मी पुन्हा खाली बसले.

शेवटचा वाफा आम्ही दोन्ही बाजूंनी काढत आणला. मध्ये हातभर टाकळा राहिला होता. तो त्यांनीच उपटला, माती झटकली, बांधाकडे फेकला. मग माझ्या तोंडाकडे न बघता हात पुढे केला, उठवण्यासाठी.

"चल, भाकर खाऊ."

शिबिरात भाकर मिळत नव्हती, मुगाचं कढण मिळायचं. फुलाबाईंनी स्वतःसाठी नागलीची भाकर थापली होती, तीच त्यांनी काही न विचारता ताटात वाढली. सासूबाई चुलीपुढे मांडी घालून बसल्या आणि मातीच्याच हातांनी खायला लागल्या. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते आणि मला रडू आवरेना. त्यांनी वर पाहिलं, भाकर जरा कच्ची राह्यलीय म्हणाल्या, आणि दुसरी मागितली.