चुकीच्या दिवशी बाहेर आलेला डबा

मित्रांनो, ज्याची मूठ पाठीवर असते, त्याला आपल्याला कोण ओढतंय हे कधीच दिसत नाही. एवढं लक्षात ठेवा, म्हणजे पुढे मला उलटसुलट प्रश्न विचारायची पाळी तुमच्यावर येणार नाही.

मी एक जुना, लाल झाकणाचा, दोन चाकांचा कचऱ्याचा डबा आहे. मुक्काम बँक्सिया कोर्ट, घर नंबर नऊ. सिडनीच्या इतक्या पश्चिमेला, की समुद्राचा वारा आमच्याकडे निघतो खरा, पण वाटेतच दमून कुणाच्या तरी अंगणात बसतो. गल्ली पुढे बंद आहे. त्यामुळे इथे जो येतो तो एक तर राहायला येतो, नाही तर चुकून.

माझा जन्म साच्यात झाला. वितळलेलं प्लॅस्टिक आत गेलं आणि मी बाहेर आलो. आई कोण, बाप कोण, हे विचारायची सोय नव्हती. माझ्यासारखेच शेकडो भाऊ रांगेत उभे होते आणि सगळ्यांचा चेहरा एकच. नगरपालिकेच्या ट्रकने मला नऊ नंबरच्या दारात उतरवलं. माझ्याबरोबर रद्दी-बाटल्यांचा पिवळ्या झाकणाचा आणि पालापाचोळ्याचा हिरव्या झाकणाचा असे दोघे होते. मी दर मंगळवारी रिकामा व्हायचो. ते दोघे आलटून पालटून, एका आठवड्याला पिवळा, दुसऱ्या आठवड्याला हिरवा. या आठवड्यात पाळी कुणाची, हे गल्लीत कुणालाच लक्षात राहत नसे. एका बाईला सोडून.

तिचं नाव ग्लेनिस पिलब्रो. डेस पिलब्रोची बायको. दर सोमवारी संध्याकाळी, उजव्या हातात चहाचा मग आणि डाव्या हातात माझी मूठ, अशी ती मला रस्त्याकडेच्या गवताच्या पट्टीवर नेऊन उभा करायची. मूठ घराकडे, झाकण रस्त्याकडे. तिच्या डाव्या हातातली अंगठी मुठीवर आपटायची. टिक. मी तिचा चेहरा फारसा पाहिला नाही, पण ती टिक मी कुठेही ओळखली असती.

ती घरात गेली की मग गल्लीत खरी गंमत सुरू व्हायची. समोरच्या नरेलचा पडदा हलायचा. शेजारच्या तुआनच्या गॅरेजचं दार हळूच वर जायचं. नऊ नंबरने पिवळा काढलाय? काढा पिवळा. हिरवा काढलाय? ठेवा पिवळा आत. कुणी कुणाशी बोलत नसे. अंधार पडेपर्यंत दोन्ही बाजूंना डबे रांगेत उभे राहायचे आणि माणूस एकही दिसायचा नाही. तुम्ही पाहिलं असतंत तर तुम्हाला वाटलं असतं, की या गल्लीत डबेच राहतात आणि आठवड्यातून एकदा माणसांना आत कोंडून हवा खायला बाहेर येतात.

खोटं कशाला सांगू, मला त्याचा गर्व होता. डेसने माझ्या पोटावर पांढऱ्या रंगाने मोठा ९ काढला होता. तो जरा ६ सारखा दिसत असे, पण माझ्या पोटावर कुणी काही काढलं, हेच पुष्कळ होतं.

हाल काही कमी झाले नाहीत. ऊन लागून झाकणाला तडा गेला. उन्हाळ्यात पोटात अळ्या व्हायच्या. रिकामा होऊन मी रस्त्याकडेला उभा असलो की कुणीतरी कुत्र्याची घाण बांधलेली पिशवी माझ्यात टाकून चालू लागायचं, आणि ती पिशवी पुढचा आठवडाभर माझी सोबत करायची. पण ग्लेनिस मला पाइपाच्या पाण्याने धुवायची. डेस व्हरांड्यातून ओरडायचा, "आंघोळ घालतेस काय त्याला? पावडर पण लाव!" ती म्हणायची, "तुझ्यापेक्षा तो वेळेवर बाहेर पडतो. त्या नळाचं बघ आधी."

नळ म्हणजे कपडे धुण्याच्या खोलीतला. तो वर्षानुवर्षं गळत होता. त्या खोलीच्या खिडकीखालीच आमची तिघांची जागा, त्यामुळे ते ठिबकणं मला पाठ होतं.

मग ग्लेनिस गेली. अंगठीसकट गेली, डेसने ती काढू दिली नाही. गल्लीने मिळून एक कार्ड आणि एक फुलांचा गुच्छ दिला. त्या सोमवारी संध्याकाळी सगळ्यांचे पडदे जरा लवकरच हलायला लागले. दुःख होतंच, नाही असं नाही. पण उद्या पिवळा की हिरवा?

डेस बाहेर आला. त्याने मला दोन्ही हातांनी ओढलं. त्याचे तळवे कोरडे, खरखरीत. अंगठीची टिक नव्हती. मला रस्त्याकडेला उभा करून तो हळूच पुटपुटला, "जमलं का गं?" आणि मागे वळून न बघता आत गेला. गॅरेजची दारं उघडली. सगळं पूर्ववत झालं.

डेसलाही दिवस कधी चुकला नाही. त्याला मनापासून भीती वाटायची की चुकला तर ती काय म्हणेल. दर सोमवारी दुपारपासून तो घरात मोठ्याने विचारायचा, "ग्लेनिस, आज डबे कोण काढणार?" मग स्वतःच उत्तर द्यायचा, "मीच. दुसरं कोण आहे इथे!"

आता त्या जानेवारीचं सांगतो.

नाताळ होऊन गेला होता, म्हणजे आमच्याकडे ऐन उन्हाळा. आमच्याकडे नाताळात घरोघरी कोळंबी खातात, आणि उरलेली डोकी नि सालं कुणी लगेच डब्यात टाकत नाही. त्या उन्हात टाकली तर गल्ली सोडून पळावं लागेल. ती पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये ठेवायची, आइस्क्रीमच्या शेजारी, आणि डबे बाहेर काढायच्या संध्याकाळी अगदी शेवटच्या क्षणी टाकायची. हा आमच्याकडचा धर्मच आहे. नववर्षाच्या मेजवानीची कोळंबी त्या आठवड्यात सगळ्यांच्या फ्रीझरमध्ये आपली पाळी येण्याची वाट बघत होती.

मंगळवारी सकाळी गाडी येऊन मला रिकामा करून गेली; नववर्षाची मेजवानी झाली ती त्याच रात्री. बुधवारी सकाळी खिडकीच्या आत धप्प आवाज झाला. मग भांडं पडल्याचा. मग डेसचा, "आई गं."

थोड्या वेळाने त्याने हाक मारली. "तुआन! ए तुआन!"

तुआन तेव्हा पानं उडवायचं यंत्र घेऊन अंगणात उभा होता. अंगणात पानं नव्हती. त्याला ते यंत्र नाताळात भेट मिळालं होतं, म्हणून तो धूळ उडवत होता.

डेसने परत हाक मारली. ती ऐकली फक्त नरेलच्या कुत्र्याने. तो कुंपणापाशी येऊन आमच्याकडे तोंड करून जीव तोडून भुंकायला लागला. नरेल आतून ओरडली, "बिस्किट! गप बस! नाहीतर विकून टाकीन तुला!" दिवसभर असंच चाललं. डेस ओरडायचा, बिस्किट भुंकायचं, नरेल ओरडायची. पुढच्या खोलीत टीव्हीवर कसोटी सामना चालू होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटे, म्हातारा मजेत क्रिकेट बघतोय.

मला सगळं ऐकू येत होतं, मित्रांनो. पण डब्याने ओरडायचं कसं? झाकण आपटायला वारा लागतो, आणि वारा नेहमीप्रमाणे कुठेतरी वाटेत बसला होता.

गुरुवारी डेसचा आवाज बसला. ऊन असं की रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं. कान देऊन ऐकलं तर फक्त नळाचं ठिबकणं, आणि मधूनच ते ठिबकणं थांबायचं. तो तिथे टॉवेल धरत होता आणि पिळून चोखत होता, हे मला नंतर कळलं.

उन्हं उतरता उतरता तो बसलेल्या आवाजात, पण अगदी नेहमीच्या सुरात म्हणाला, "ग्लेनिस, आज डबे कोण काढणार?"

मी वाट पाहिली. "मीच. दुसरं कोण आहे इथे!" हे पुढचं वाक्य आलंच नाही.

टिक.

माझ्या मुठीवर. डाव्या बाजूला.

मी मागे कलंडलो, जसं ओढताना कलंडवतात तसा. आणि चाकं फिरायला लागली. खिडकीपासून फाटकापर्यंत, फाटकातून उतारावर, उतारावरून गवतावर. घाई नव्हती. वाटेत एकदा थांबणं झालं, घोटभर चहा प्यायला थांबावं तेवढंच. मग मूठ घराकडे, झाकण रस्त्याकडे. मागे कोण आहे हे मला दिसणं शक्यच नव्हतं. पुढे मात्र दिसत होतं: बिस्किट भुंकायचं थांबलं होतं. ते माझ्या मागे, माणसाच्या चेहऱ्याच्या उंचीवर टक लावून बघत शेपूट हलवत होतं.

नरेलचा पडदा हलला.

"तुआन!" ती दारात येऊन ओरडली. "नऊ नंबरने डबा काढलाय!"

"आज? आज गुरुवार आहे."

"अरे, सुट्टीमुळे दिवस बदलला असेल. डेसला विचारावं का?"

"छे! टीव्ही चालू आहे त्याचा. कशाला त्रास द्यायचा? तो कधी चुकतो का?"

एकेक गॅरेज उघडलं. एकेक डबा आला. फ्रीझरमधून पिशव्या निघाल्या आणि कोळंबीची डोकी डब्यांत पडली. सगळी गल्ली मान खाली घालून कामाला लागली आणि कुणीही नऊ नंबरच्या दाराकडे पाहिलं नाही. सगळे माझ्याकडे पाहत होते.

शुक्रवारी गाडी आली नाही. ती येणार कशाला? ऊन मात्र आलं. सकाळीच वास सुटला. दुपारपर्यंत त्या वासाला हातपाय फुटले आणि तो घराघरांत शिरला. लांब काळ्या चोचीचे पांढरे पक्षी आले, आमच्याकडचे कचराखाऊ. ते रांगेतल्या प्रत्येक डब्यावर बसले. माझ्यावर एकही बसला नाही. माझ्याभोवती मोकळी जागा सोडून ते गोल उभे राहिले, जसं कुणी उभं असताना राहतात तसे.

नरेलने नगरपालिकेला फोन लावला. दिवस बदललेला नव्हता. मग तिचा पारा जो चढला!

"तुआन, चल! आज या म्हाताऱ्याला सोडत नाही मी. माझं घर म्हणजे मासळीबाजार झालंय!"

"माझी बायको माहेरी निघून गेली," तुआन म्हणाला. "वासामुळे म्हणते. मला वाटतं यंत्रामुळे."

दोघं माझ्या बाजूने ताडताड चालत गेले. दार ठोठावलं. "डेस! बाहेर ये! लपू नकोस!" उत्तर नाही. "टीव्ही लावून बसलाय आणि दार उघडत नाही बघ. डेस!" इतक्यात बिस्किट उघड्या फाटकातून आत धावलं आणि खिडकीखाली उभं राहून विव्हळायला लागलं. नरेलचा आवाज बदलला. "तुआन... मागच्या जाळीच्या दाराने जा. लवकर."

मग बरीच पळापळ झाली. रुग्णवाहिका आली. डेसच्या खुब्याचं हाड मोडलं होतं, ओठ फाटले होते, पण जीव होता. त्याला माझ्या बाजूनेच नेलं. नरेल त्याचा हात धरून रडत होती आणि रडता रडता भांडतही होती.

"मी तुला शिव्या घालायला आले होते, माहितीये? गुरुवारी कोण डबा काढतं रे?"

डेसने डोळे उघडले. "मी बुधवारपासून आडवा आहे, पोरी."

नरेलने तुआनकडे पाहिलं. तुआनने नरेलकडे. मग दोघांनी माझ्याकडे. तुआनने पुढे होऊन माझं झाकण उचललं, आत डोकावला आणि हळूच परत लावलं. "रिकामा आहे," तो म्हणाला. त्यानंतर दोघं वाससुद्धा विसरले.

डेस उन्हाळा संपता संपता घरी आला, वॉकर घेऊन. पहिल्याच संध्याकाळी तो टुकटुक करत माझ्यापाशी आला आणि मुठीवरून हात फिरवला. डाव्या बाजूला, अंगठीच्या जुन्या खुणेशेजारी, एक नवा ओरखडा होता. त्यावर त्याने अंगठा ठेवला, बराच वेळ.

"उभ्या आयुष्यात एकदा दिवस चुकलीस, बाई," तो म्हणाला. आणि हसला. नळ त्याने अजून दुरुस्त केलेला नाही. आता करणारही नाही.

तर मित्रांनो, माझं मागणं फार मोठं नाही. डब्याला अधूनमधून पाणी दाखवा, कुत्र्याची पिशवी आपापल्या डब्यात टाका. आणि शेजाऱ्याचा डबा भलत्या दिवशी बाहेर दिसला, तर आपला डबा काढायला धावू नका. आधी त्याचं दार वाजवा. भांडायला गेलात तरी चालेल, पण जा.

आता दर सोमवारी संध्याकाळी नरेल डेसकडे चहाला येते. तुआनही येतो, यंत्र घरी ठेवून. तिघं व्हरांड्यात बसतात. मला रस्त्याकडेला तुआन नेतो, असं नरेल समजते. नरेल नेते, असं तुआन समजतो. डेस फक्त एक मग जास्तीचा भरतो आणि पायरीवर ठेवतो.

मला काही दिसत नाही. माझी मूठ पाठीवर आहे.