सांगाव्याची सुपारी

कोपरखैरणे गावातल्या त्या तीन मजली घरात पिकनिक कशाला म्हणतात, ते आधीच सांगून टाकलेलं बरं. पुरुषांनी पाण्याकाठी खुर्च्या टाकून बसायचं आणि बायकांनी घरचाच स्वयंपाक जंगलात जाऊन करायचा. सतरा वर्षं रंजिताने निसर्ग बघितला तो असा. कुठल्या धबधब्यावर लाकूड ओलं निघालं, कुठल्या किनाऱ्यावर वारा फिरून धूर डोळ्यांत गेला, एवढंच तिला आठवायचं. पाणी कसं होतं विचारलं तर म्हणायची, भांडी घासायला बरं होतं.

यंदा दिनानाथची साठी होती. दिनानाथ म्हणजे तिचा मोठा दीर, घरातला कर्ता. त्याच्यापुढे घरात कुणाचा आवाज वर जायचा नाही. रंजिताचा नवरा कुंदन तर त्याच्यासमोर शिंकतानाही परवानगी घेईल असा. दिनानाथने मोबाईलवर कुणाची तरी कॅराव्हॅन बघितली होती. गाडीतच पलंग, गाडीतच शेगडी, फ्रीज आणि मुख्य म्हणजे गाडीतच कमोड. त्याचे गुडघे गेलेले, त्यामुळे हा कमोड त्याला फार भावला. जेवता जेवता त्याने जाहीर केलं, की साठी धरणाकाठी करायची, दोन रात्री, कॅराव्हॅन घेऊन. मग रंजिताकडे न बघताच ताट पुढे केलं.

"सगला प्लॅनिंग तू कर. तुझ्याशिवाय या घरात काय पन होत नाय."

"करते, दादा," ती म्हणाली आणि त्याच्या ताटात भात वाढला.

त्या वेळी कुणी तिच्या तोंडाकडे बघितलं असतं, तर पुढचं सगळं टळलं असतं. पण तिच्या तोंडाकडे बघायची त्या घरात पद्धत नव्हती.

दोन वर्षांपूर्वी हीच माणसं कर्जतच्या बाजूला एका तळ्यावर गेली होती. रंजिताचं माहेर उरणकडे, द्रोणागिरीच्या पायथ्याशी. बाप मिठागरात राबलेला, तळपायांना मिठाने पडलेल्या भेगा मरेपर्यंत भरल्या नाहीत. तो महिनाभर अंथरुणावर होता. त्या दिवशी दुपारी पाऊण वाजता तिच्या भावाचा फोन आला, तो दिनानाथच्या फोनवर, कारण रंजिताचे हात पिठात होते आणि तिचा फोन गाडीत. बाप शेवटच्या घटका मोजतोय, रंजीला हाक मारतोय, लगेच पाठवा, असं भावाने सांगितलं. दिनानाथने 'बरं' म्हटलं आणि फोन खिशात टाकला. शेजारी कुंदन बसला होता. त्याने ऐकलं. दिनानाथ त्याला म्हणाला, "जेवनं होऊ दे. मग सांगू."

बावीस माणसांची जेवणं झाली. रंजिताने चाळीस-पन्नास भाकऱ्या थापल्या. वरून दिनानाथने तिला आणखी चार गरम भाकऱ्या टाकायला सांगितल्या, त्याही तिने टाकल्या. तीन वाजता तिला सांगितलं, तेही 'जरा सिरियस हाय' एवढंच. ती पोचली तेव्हा सहा वाजले होते आणि स्मशानातून माणसं परत येत होती. बापाच्या तोंडात पाणी घालायचं राहिलं. भाऊ तिच्याशी बोलला नाही. तो समजला, की बहिणीला पिकनिक सोडवली नाही.

पाऊण वाजताची गोष्ट तिला कळली ती वर्षभराने, जाऊबाईंच्या तोंडून. मंजुषावहिनी चकल्या करताना सहज बोलून गेल्या, की आमच्या ह्यांचं डोकं बघ, जेवणं होईस्तोवर कुणाला कळूसुद्धा दिलं नाही, नाहीतर सगळी पंगत उपाशी उठली असती. रंजिताच्या हातातला सोऱ्या तसाच राहिला. रात्री तिने कुंदनला विचारलं. तो पंख्याकडे बघत म्हणाला, की दादा बोलला होता, मी काय करणार.

तेव्हापासून ती गप्प होती. घरातल्यांना वाटलं, रंजिता आता शहाणी झाली.

आता त्या घराची दुसरी गोष्ट. गावदेवीच्या पालखीचा पहिला खांदा गावातल्या बारा घरांकडे पाळीपाळीने येतो, म्हणजे एका घराला बारा वर्षांनी. यंदा पाळी ह्यांची होती. मागच्या वेळी दिनानाथचा बाप जिवंत होता, खांदा त्याने दिला. पुढची पाळी येईल तेव्हा दिनानाथ बहात्तरचा, आणि गुडघे आत्ताच असे. म्हणजे आयुष्यात मिळाला तर यंदाच. त्यासाठी त्याने सहा महिने गुडघ्यांना शेक घेतला, पट्टे बांधले, पांढरा सदरा शिवून कपाटात ठेवला. सकाळी गच्चीत खांद्यावर बांबू घेऊन तो फेऱ्या मारायचा, तेव्हा खालचे भाडेकरू हसू दाबत पाणी भरायचे.

पण खांदा आपोआप मिळत नाही. ठरलेल्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता देवळात पंच बसतात आणि घराच्या कर्त्याच्या नावाने तीनदा हाक मारतात. त्याने स्वतः उभं राहून ओ द्यायची. तिसऱ्या हाकेला ओ आली नाही तर खांदा पुढच्या घराला, आणि ते घर होतं शिवाचं. शिवा दिनानाथचा चुलतभाऊ, दोघं एकाच गटाराच्या दोन काठांवर राहून नऊ वर्षं एकमेकांशी बोललेले नाहीत.

हाकेचा दिवस कळवायची रीतही जुनी. देवीचा निरोप फोनवर जात नाही. देवळाची झाडलोट करणारा गंगाराम कुंकू लावलेली सुपारी घेऊन पाळीच्या घरी येतो. उंबऱ्यावर जो कोण असेल त्याच्या हातावर सुपारी ठेवली, की घराला निरोप पोचला. मग कुणी म्हणायचं नाही, मला माहीत नव्हतं. आणि दुपारी उंबऱ्यावर कोण असतं? पुरुषांनी ही रीत केली तेव्हा एवढा साधा विचार केला नाही.

गंगारामला रंजिता चहा द्यायची. बाप गेल्यावर अख्ख्या गावात 'कसा गेला गो तुझा बापूस' असं विचारणारा तो एकटा. एका दुपारी बशीत चहा ओतता ओतता तो सहज म्हणाला, की यंदा मंडपाचं काम निघालंय म्हणून हाक आठवडाभर अलीकडे घेतायत, अजून कुणाला बोलले नाहीत, सुपारी गुरुवारी येईल. रंजिताने त्याला आणखी अर्धा कप चहा ओतला. तो जाईपर्यंत तिचं प्लॅनिंग झालं होतं.

दुसऱ्या दिवशी ती महाप्याला गेली. तिथे जुनैद जुन्या गाड्यांच्या कॅराव्हॅन करून भाड्याने द्यायचा आणि स्वतःच चालवायचा. माणूस नेटका. त्याने तिला सगळं उघडून दाखवलं: पाण्याची टाकी, गॅस, बाहेर ओढायचं छप्पर, काठावरच्या खांबाला लावायची विजेची वायर. एकदा गाडी लावली, छप्पर ताणलं, खाली टेकू दिले, की ती घर होते, असं तो अभिमानाने म्हणाला. रंजिताने विचारलं, घराची परत गाडी व्हायला किती वेळ लागतो? तासभर तरी, जुनैद म्हणाला, घाई केली तर काहीतरी मोडतं.

तिने ते वहीत लिहिलं.

मग जागा. त्याने तीन धरणं सांगितली. पहिलं दोन तासांवर, काठावर हॉटेलं. दुसरं तीन तासांवर, तिथे बोटी. तिसरं घाट चढून साडेचार तासांवर. पाणी सुरेख, कॅराव्हॅन लावायला ओटे बांधलेले, स्वच्छ, पण मोबाईलला रेंज म्हणून नाही. फोन करायचा तर सहा किलोमीटर मागे यावं लागतं.

"तिसरं," रंजिता म्हणाली.

"ताई, लोक रेंज आहे ना ते आधी विचारतात."

"आमच्या दादांना शांतता पायजे. फोनचा त्यांना फार त्रास होतो."

घरी तिने तारखा सांगितल्या: शुक्रवारी पहाटे निघायचं, सोमवारी सकाळी परत. दिनानाथने बोटं मोजली. नेहमीच्या हिशेबाने हाक त्यानंतरच्या रविवारी. म्हणजे साठी करून, ताजातवाना होऊन तो देवळात उभा राहणार. दोनाच्या तीन रात्री झाल्या, हे त्याला उलट बरंच वाटलं. मोठ्या मनाने म्हणाला, की रंजिताच्या डोक्यात सगळं बरोबर असतं.

होतंच. तिने यादी केली, ती फ्रीजवर लावली. रविवारचं जेवण तिने सगळ्यांत भारी ठेवलं: गावठी कोंबडा, जवळ्याची चटणी, तांदळाच्या भाकऱ्या, आणि दिनानाथसाठी वेगळा तिखट रस्सा. कोंबडा शिजायला वेळ घेतो. तोही वेळ तिने धरला होता. तिची चौदा वर्षांची सोनल यादी वाचून म्हणाली, "आई, तू काठावर कधी बसणार ते कुठेच लिहिलं नाहीस."

"लिहिलंय," रंजिता म्हणाली. "रविवार, तीन वाजता."

गुरुवारी दुपारी कॅराव्हॅन गल्लीत येऊन उभी राहिली आणि निम्मी गल्ली बंद झाली. दिनानाथ बांधकामाच्या साईटवर, कुंदन कामावर, मंजुषावहिनी पार्लरमध्ये. रंजिता एकटी तांदळाच्या पिशव्या चढवत होती. गाडी आणि भिंत यांच्या फटीतून गंगाराम अंग चोरत आला. त्याने उंबऱ्याला हात लावला, तिच्या हातावर सुपारी ठेवली आणि रीतीचे शब्द म्हणाला: येत्या रविवारी, पाचला, देवी बोलावते. मग मोठ्या गाडीकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं.

"घराला पोचला ना गो निरोप?"

"पोचला, काका."

 त्याने खांद्यावरचा पंचा झटकला आणि आल्या वाटेने गेला. रंजिताने सुपारी हळदीच्या डबीत ठेवली आणि डबी मसाल्यांच्या पेटीत.

तिला अजिबात भीती वाटली नाही असं नाही. शुक्रवारी घाट चढताना तिचा हात मसाल्यांच्या पेटीवरून हलला नाही. खांदा गेला तर तो तिच्या नवऱ्याच्या घरातूनही जाणार होता. पण त्या खांद्याशी तिचा संबंध काय? पालखीच्या दिवशी ती मागच्या दारी शंभर माणसांचा भात काढणार. सोनल मुलगी, तिला पालखीला हातसुद्धा लावू देत नाहीत. जे आपलं कधी नव्हतं, ते गेल्याचं दुःख कसलं? घाट संपला तेव्हा तिने पेटीवरचा हात काढला.

शुक्रवार, शनिवार झकास गेले. दिनानाथने कमोडचं तोंडभर कौतुक केलं. पाण्यात पाय सोडून बसला, जुन्या मारामाऱ्या सांगितल्या. सारखं म्हणत होता, की फोन वाजत नाही तर माणूस किती सुखी असतो.

रविवारी कोंबडा एक वाजता चढला. अडीचला पानं वाढली. दिनानाथ भरपेट जेवला, मग हात पुढे करून म्हणाला, आणखी दोन भाकऱ्या गरम टाक. रंजिताने टाकल्या. तो जेवून उठला, हात धुतला, खुर्चीत रेलला आणि मुखवास मागितला.

तिने डबी उघडली आणि सुपारी त्याच्या तळहातावर ठेवली.

त्याने ती बोटांनी फिरवून बघितली. हळदीने पिवळी झाली होती, पण कुंकू तसंच होतं. ती सुपारी कोणती, हे त्या गावात पाळण्यातल्या पोराला कळतं.

"ही... कधी आली?"

"गुरुवारी. हाक आज हाय, पाच वाजता."

मंजुषावहिनींच्या हातातला तांब्या खाली पडला. दिनानाथने मनगटावर बघितलं. तीन वाजून पाच मिनिटं.

"तीन दिवस तू गप बसलीस?"

"जेवणं होऊ दे म्हटलं, दादा. मग सांगू."

कुंदनने मान खाली घातली. बाकी कुणाला कळलं असेल नसेल, त्याला कळलं. दिनानाथला कळायला थोडा वेळ लागला, कारण असली वाक्यं बोलणाऱ्याच्या लक्षात राहत नाहीत. मग तो ओरडला. तिच्या बापाचा उद्धार करायला तोंड उघडलं आणि कसं कोण जाणे, तो शब्द त्याने सोडूनच दिला. मग तो जुनैदवर धावला, गाडी काढ म्हणाला. जुनैदने छप्पर, टेकू, वायर, टाकी सगळं दाखवलं. घाई केली तरी तासाभराने गाडी हलेल आणि घाट उतरून घरी पोचायला साडेआठ वाजतील, असं त्याने शांतपणे सांगितलं. फोन? सहा किलोमीटर मागे. आणि फोन करून उपयोग काय, ओ अंगाने द्यावी लागते, हे दिनानाथला सांगायची गरज नव्हती.

रंजिताने आपलं ताट वाढून घेतलं. मांडीचा तुकडा, जो सतरा वर्षांत तिच्या वाट्याला आला नव्हता, तो तिने स्वतःच घेतला. काठावर जाऊन बसली. सोनल तिच्या शेजारी येऊन बसली. खरकटी भांडी मागे तशीच पडून होती. बऱ्याच वेळाने मंजुषावहिनींनी पदर खोचला आणि कढई ओढली.

कुंदन येऊन तिच्या पाठीशी उभा राहिला. म्हणाला, "सोमवारी तुझ्या भावाकडे जातो मी. खरं काय ते सांगतो."

"सांग," ती म्हणाली. "दोन वर्षं उशीर झालाय. आता पाय मोडला असला तरी जा."

पाचाच्या सुमारास दिनानाथ खुर्चीतून उठला. गुडघे धरत ताठ उभा राहिला, नजर कोपरखैरण्याच्या दिशेला, ओठ किंचित उघडे. कुणी हाक मारत नव्हतं. तो तसाच उभा राहिला, बराच वेळ, तीन हाकांना लागतो त्याहून जास्त. मग खुर्चीचा हात धरून खाली बसला.

रंजिताने मागे वळून बघितलं नाही. भाकरीचा शेवटचा तुकडा तिने रश्शात बुडवून खाल्ला. मग ओंजळभर पाणी घेतलं आणि बापाचं नाव घेऊन धरणात सोडलं. पाणी थंडगार होतं. आजवर ते तिला कुणी सांगितलं नव्हतं.